निजणाऱ्या प्रोसेसरचा आवाज : एका लॅपटॉपचे प्रकरण

ध्वनिपुस्तकांसाठी वाचन करणाऱ्या एका वाचिकेचा लॅपटॉप माझ्याकडे आला, तेव्हा त्यावर दोन उपचार आधीच होऊन गेले होते. मूळ तक्रार होती ती एका बारीक, सतत लागून राहणाऱ्या ‘चीं’ आवाजाची. खोली शांत असली, हातातले काम थांबले आणि पडद्यावर काही हलत नसले की तो आवाज उमटे. माऊस हलवला किंवा एखादे जड पान उघडले की क्षणभर तुटे आणि पुन्हा लागे. सर्व्हिस सेंटरने पंखा बदलून दिला, पण आवाज होता तसाच राहिला. मग ओळखीतल्या एका जाणकाराने लिनक्स या संगणकप्रणालीच्या बूट (सुरू होतानाच्या) सेटिंगमध्ये एक ओळ घालून दिली आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर तो आवाज पूर्ण थांबला. मात्र त्या दिवसापासून सहा तास पुरणारी बॅटरी साडेतीन तासांत संपू लागली, कीबोर्डाची डावी बाजू सतत कोमट लागू लागली आणि नवा पंखा बंद पडायचे नाव घेईना. “आधी चीं होती, आता घरघर आहे, माझं रेकॉर्डिंग काही शांत झालं नाही,” असे त्यांनी लॅपटॉप हातात देताना सांगितले.

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले, कारण तो दुसरा उपचार आजही सर्रास सुचवला जातो. प्रोसेसरला खोल झोप घेऊच दिली नाही की आवाज थांबतो, हे खरे आहे. पण या लॅपटॉपची अडचण प्रोसेसर झोपत होता ही नव्हती. त्याला कोणीतरी दर सेकंदाला शेकडो वेळा उठवत होते, आणि ते कोण, हे कोणी विचारलेच नव्हते.

यंत्र आणि त्याची अवस्था

लॅपटॉपमध्ये इंटेलच्या स्कायलेक पिढीतला, १५ वॉटचा, दोन कोअरचा प्रोसेसर होता. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी असल्यामुळे फिरणारा भाग म्हणजे एकटा पंखा. बॅटरी मुळात ४८ वॉट-तासांची. झीज धरून आता ४१ वॉट-तास साठवत होती, म्हणजे तिच्या वयाच्या मानाने ठीकच. वाचनासाठी बाहेरचे यूएसबी साऊंड इंटरफेस आणि त्याला जोडलेला कंडेन्सर मायक्रोफोन वापरला जाई. मायक्रोफोन लॅपटॉपपासून सुमारे दोन फुटांवर असे. अशा मायक्रोफोनला दोन फुटांवरचा बारीक आवाज ऐकू येणारच, आणि वाक्यांमधल्या विरामांत तो श्रोत्यालाही ऐकू येणार; त्यामुळे “एवढ्याशा आवाजाकडे दुर्लक्ष करा” हा सल्ला येथे देता येण्यासारखा नव्हता.

पहिले काम म्हणून बूट सेटिंगमधली ती ओळ मी काढून टाकली आणि आजार मूळ रूपात परत येऊ दिला. आधीचा उपचार तसाच ठेवून त्यावर नवा उपचार रचला की कोणत्या बदलाने काय झाले, हे नंतर सांगता येत नाही.

आवाज कोठून येतो, याचा निवाडा

पंखा, एसएसडी, चार्जर, पडद्यामागचा दिवा आणि मदरबोर्ड, असे संशयित पाच होते. लॅपटॉप पुन्हा सुरू करून दहा मिनिटे शांत ठेवल्यावर प्रोसेसरचे तापमान ४१ अंशांवर स्थिरावले आणि पंखा पूर्ण थांबला; चीं मात्र चालूच होती. पंखा तेथेच सुटला. चार्जर काढल्यावर, भिंतीतले बटण बंद केल्यावर आणि यूएसबीची सगळी उपकरणे सोडवल्यावरही फरक पडला नाही. कागदाची घट्ट नळी करून एक टोक कानाशी धरले आणि दुसरे टोक कीबोर्डावरून बोटभर उंचीवरून सावकाश फिरवले, तेव्हा आवाज डाव्या बिजागरीच्या खाली, प्रोसेसर आणि त्याला वीज पुरवणाऱ्या कॉइलच्या परिसरात सर्वांत ठळक लागला. ही पद्धत साधी आहे, पण लॅपटॉप न उघडता जागा शोधण्यासाठी माझा तिच्यावर कोणत्याही ॲपपेक्षा जास्त विश्वास आहे.

त्यानंतरची कसोटी निर्णायक ठरली. एका कोअरला निरर्थक बेरजा करत ठेवणारी एक ओळ टर्मिनलमध्ये चालवली आणि आवाज तत्क्षणी बंद झाला. पंख्याचा आवाज असा कधीच तुटत नाही. त्याला वेग वाढवायला आणि उतरवायला काही सेकंद लागतात. कामाचा भार येताच थांबणारा आणि भार उतरताच परत येणारा आवाज हा प्रोसेसरच्या झोपेशी निगडित असतो. याउलट खेळ किंवा व्हिडिओ चालू असताना वाढणारा आवाज भाराशी निगडित असतो, आणि त्याची चिकित्सा अगदी वेगळी आहे. या दोहोंमध्ये गल्लत झाली की पुढचे सगळे श्रम वाया जातात.

आणखी एक शंका फेडणे गरजेचे होते. वाचिकेच्या ध्वनिमुद्रणात उमटणारा सूर हवेतून मायक्रोफोनपर्यंत पोचत होता, की यूएसबीच्या तारेतून विजेच्या रूपाने घुसत होता? दोन्ही प्रकार घडतात आणि कानाला दोन्ही सारखेच वाटतात. मी लॅपटॉपशी काहीही संबंध नसलेला मोबाईल त्याच जागी ठेवून दोन मिनिटे मुद्रण केले. त्यातही तोच सूर होता. म्हणजे तो खरोखरीचा, हवेतला आवाज होता.

चिपला आवाज कसा फुटतो

प्रोसेसरमध्ये हलणारा भाग नसतो. आवाज करतात ते त्याच्या शेजारचे घटक. बॅटरीचे व्होल्टेज प्रोसेसरला लागणाऱ्या एक व्होल्टच्या आसपास उतरवणारे सर्किट सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होते. माणसाचा कान २० ते २०,००० हर्ट्झ एवढेच ऐकतो, त्यामुळे ही मूळ लय कानाच्या फार पलीकडे असते. मात्र त्या लयीवर आणखी एक संथ लय स्वार झाली, म्हणजे विजेची मागणीच सेकंदाला हजारभर वेळा उसळून बसू लागली, तर ती कानाच्या पट्ट्यात येते.

या मागणीला शरीर देणारे दोन घटक असतात. एक कॉइल : तिच्यातला प्रवाह बदलला की तारांवरचे चुंबकीय बल बदलते आणि तिचा गाभाही किंचित आकार बदलतो. दुसरा सिरॅमिक कपॅसिटर, आणि माझ्या अनुभवात लॅपटॉपमध्ये तोच जास्त वेळा बोलतो. त्यातले बेरियम टायटेनेट हे द्रव्य व्होल्टेज बदलले की अतिसूक्ष्म प्रमाणात फुगते आणि आक्रसते. एकट्या कपॅसिटरची ही हालचाल ऐकू येण्याजोगी नसते. पण तो दोन्ही टोकांनी मदरबोर्डाला डाखलेला असतो, तो ताणला की बोर्डही त्याच्याबरोबर वाकतो, आणि मग तंतुवाद्याच्या तबलीसारखा तो पातळ, रुंद बोर्डच सूर मोठा करतो. कॉइलवर चिकटवणी किंवा सिलिकॉन ओतण्याचा घरगुती उपाय लॅपटॉपवर बहुधा फसतो, त्याचे हेच कारण आहे : वाजत असतो बोर्ड, आणि लेप लागतो कॉइलला.

आता झोपेचा भाग. काम नसले की प्रोसेसर ज्या विश्रांतीच्या अवस्थांमध्ये जातो, त्यांना सी-स्टेट म्हणतात. सी१ मध्ये कोअरचे घड्याळ तेवढे थांबते, व्होल्टेज जागेवर राहते. सी६ पासून पुढे कोअरमधली माहिती बाजूला साठवून त्याचा वीजपुरवठाच तोडला जातो, आणि त्याहून खोल अवस्थांत चिपच्या इतर भागांचे व्होल्टेजही उतरवले जाते. अवस्था जितकी खोल, तितकी बचत जास्त. पण जाग येण्याला वेळही जास्त आणि जाग येताना विजेचा धक्काही मोठा. अशी जाग ठरावीक लयीत येत राहिली की त्या लयीचा सूर बोर्डातून उमटतो.

प्रोसेसरची गती कमीजास्त करणारी यंत्रणा, म्हणजे पी-स्टेट, ही याहून वेगळी आहे. विंडोजमध्ये ‘किमान प्रोसेसर स्थिती १०० टक्के’ करण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. त्याने गती वर राहते, पण रिकामा कोअर झोपायचा थांबत नाही; त्यामुळे या जातीच्या आवाजावर त्याचा फारसा उपयोग होत नाही आणि बॅटरी मात्र खर्ची पडते.

लयीचा माग

वाचिकेकडे दोन वर्षांची मुद्रणे जपून ठेवलेली होती, आणि माझ्या दृष्टीने यापेक्षा चांगला पुरावा असू शकत नव्हता. ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणते सूर आहेत ते दाखवणारे चित्र, उघडला की सतत चालणारा सूर आडव्या रेषेसारखा दिसतो. वाक्यांमधले विराम मोठे करून पाहिले, तेव्हा तेथे एक नव्हे, तर रेषांची शिडी होती : २,२५०, ३,०००, ३,७५० आणि ४,५०० हर्ट्झवर ठळक, त्याखाली १,५०० वर फिकी, आणि ७५० वर जेमतेम दिसेल न दिसेल अशी.

येथे घाईने चूक होण्याचा संभव असतो. सर्वांत ठळक रेषा ३,००० हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला ३,००० वेळा घडणारे काहीतरी शोधायला निघालो तर काहीच सापडत नाही. लहान बोर्ड खालचे सूर नीट बाहेर टाकू शकत नाही, आणि कान २,००० ते ५,००० हर्ट्झच्या दरम्यान सर्वांत तीक्ष्ण असतो. त्यामुळे वरच्या पटीतल्या रेषा पुढे येतात आणि मूळ लय मागे दडते. मोजायचे असते ते दोन शेजारच्या रेषांमधले अंतर. ते सगळीकडे ७५० होते. म्हणजे काहीतरी सेकंदाला बरोबर ७५० वेळा घडत होते.

७५० हा आकडा मला अडवून बसला. जुन्या लॅपटॉपमध्ये असा आवाज बहुधा १,००० हर्ट्झचा असे, आणि त्याला कारण होते. लिनक्सच्या २.६ मालिकेत कर्नलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा, नियमित ठोका १०० वरून १,००० हर्ट्झवर नेला गेला, पुढे २.६.१३ मध्ये २५० हा पर्याय आला. पण ठोका कितीचाही असो, काम असो वा नसो, प्रोसेसरला तितक्या वेळा जाग येत असे. २००७ सालच्या २.६.२१ मध्ये काम नसताना ठोका थांबवण्याची सोय झाली, त्याच वर्षी प्रोसेसरला कोणामुळे किती वेळा जाग येते याचा हिशेब दाखवणारे पॉवरटॉप हे साधन आले आणि तो जुना आजार बराचसा मिटला. सी-स्टेट बंद करण्याचा सल्ला बव्हंशी त्या काळातला आहे. तेव्हा ठोका थांबवणे वापरणाऱ्याच्या हाती नव्हते, म्हणून झोप बंद करणे हाच मार्ग उरे. आज कर्नल स्वतःहून कोणाला असे उठवत नाही. लयबद्ध जाग येत असेल, तर ती कोणत्या तरी प्रोग्रामने किंवा उपकरणाने मागितलेली असते. तिला नाव असते आणि ते शोधता येते.

पॉवरटॉप चालवून लॅपटॉपला एक मिनिट हात लावला नाही. यादीच्या शिरोभागी पाइपवायर ही ध्वनिव्यवस्था होती, प्रोसेसरला सेकंदाला सुमारे ७५० वेळा उठवणारी; तिच्या खालोखाल, जवळपास तेवढ्याच वेळा उठवणारे, मायक्रोफोनची पातळी दाखवणारे एक छोटे साधन. बाकी सगळे मिळून शंभराच्या आतबाहेर होते. हिशेब त्याच क्षणी जुळला. ध्वनिव्यवस्था ४८,००० सॅम्पल (आवाजाचे नमुने) प्रतिसेकंद या दराने चालत होती, आणि एका खेपेला ती ६४ सॅम्पल उचलत होती. ४८,००० भागिले ६४ म्हणजे ७५०. पाइपवायरबरोबर येणाऱ्या पीडब्ल्यू-टॉप या साधनात हेच दोन आकडे शेजारीशेजारी लिहिलेले होते.

६४ हा आकडा आला कोठून, हे वाचिकेनेच सांगितले. वर्षभरापूर्वी हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज किंचित उशिरा ऐकू येत असल्याने वाचनाचा ओघ तुटत होता. कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी बफर, म्हणजे एका खेपेला उचलायच्या सॅम्पलचा साठा, लहान केला, विलंब गेला, आणि ती सेटिंग कायमची होऊन बसली. पातळी दाखवणारे साधन त्याच सुमारास लॉगिनबरोबर सुरू होण्याच्या यादीत गेले होते. वापरात नसलेले ध्वनियंत्र पाच सेकंदांनी आपोआप निजवले जाते. पण या साधनाने मायक्रोफोन सदैव उघडा धरल्यामुळे ती वेळ कधीच येत नव्हती. दोन वर्षांची मुद्रणे पुन्हा तपासली, तेव्हा रेषांची शिडी त्याच महिन्यापासून सुरू झालेली दिसली. त्याआधीचे विराम स्वच्छ होते. लॅपटॉप तोच, खोली तीच, मायक्रोफोनही तोच.

पुराव्याची उलटतपासणी

जुळणारा आकडा हा चांगला इशारा असतो, पण त्याला मी सिद्धता मानत नाही. लय खरोखर तेथूनच येत असेल, तर लय बदलल्यावर सूर बदललाच पाहिजे. पाइपवायर चालू असतानाच बफर ६४ वरून १२८ केला. सूर बरोबर एक सप्तक खाली उतरला, आणि स्पेक्ट्रोग्राममधल्या रेषांचे अंतर ३७५ झाले. मग बफर पुन्हा ६४ करून सॅम्पलचा दर ४४,१०० केला. गणिताप्रमाणे आता ६८९ यायला हवे होते, आणि रेषा तेथेच आल्या. शेजारी बसलेल्या वाचिकेने डोळे मिटून “उतरला” असे म्हटले, तेव्हा पडद्यावरचा आलेख पाहायची गरजच उरली नाही.

बफर बदलूनही रेषा जागच्या हलल्या नसत्या, तर निष्कर्ष वेगळा निघाला असता. हलका भार असताना काही वीजपुरवठा सर्किटे बचतीसाठी स्वतःच ठोके गाळतात आणि त्यांची मूळ लयच कानाच्या पट्ट्यात उतरते. तेथे दोष कोणत्याही प्रोग्रामचा नसतो, आणि झोपेची खोली मर्यादित करण्याखेरीज वापरणाऱ्याच्या हाती फारसे काही नसते.

दुसरी तपासणी झोपेच्या बाजूने केली. लिनक्समध्ये एकेक सी-स्टेट, लॅपटॉप बंद न करता, वेगवेगळी थांबवता येते. सी१० थांबवली, काही फरक नाही. सी८ थांबवली, आवाज स्पष्ट कमी झाला. त्याहून उथळ सी७ आणि सी६ ही थांबवल्यावर तो पूर्ण मिटला. सी१० चा काहीच परिणाम का नाही, याचे उत्तर कर्नलमध्ये या प्रोसेसरसाठी लिहिलेल्या तक्त्यात मिळते. सी८ मधून जाग यायला २०० मायक्रोसेकंद लागतात आणि तेथे निदान ८०० मायक्रोसेकंद राहायला मिळणार असेल, तरच ती परवडते. सी१० साठी हेच आकडे ८९० आणि ५,००० आहेत. सेकंदाला ७५० जागा म्हणजे दोन जागांमध्ये १,३३३ मायक्रोसेकंद. एवढ्या अवधीत सी८ परवडते, सी१० परवडत नाही. प्रोसेसर दर वेळी मध्यम खोलीपर्यंत जाऊन परत येत होता; आवाज करायला ती खोली पुरेशी होती आणि पुरती बचत करायला अपुरी. आवाज आणि बॅटरी या दोन तक्रारी मुळाशी एकच होत्या, हे या तक्त्यासमोर बसल्यावर मला स्वच्छ दिसले.

उपचार

आधीच्या जाणकाराने घातलेली ओळ इंटेल-आयडल या, झोपेच्या अवस्था हाताळणाऱ्या ड्रायव्हरची कमाल मर्यादा सी१ वर आणणारी होती. हीच मर्यादा काही जण शून्यावर ठेवतात आणि आवाज तसाच राहिल्यावर गोंधळतात. शून्य म्हणजे तो ड्रायव्हर बाजूला होणे. त्याची जागा एसीपीआय या सर्वसाधारण मानकाचा ड्रायव्हर घेतो आणि खोल अवस्था त्याच्या मार्फत चालू राहतात. येथे मर्यादा नीट १ होती आणि तिने सांगितलेले काम चोख केले होते. किंमत मात्र मोजून पाहण्यासारखी आहे. पडद्याची प्रखरता सारखीच ठेवून, काहीही काम न करता, बॅटरीतून जाणारी वीज मी तिन्ही स्थितींत मोजली. सी१ ची मर्यादा असताना ८.६ वॉट, मर्यादा काढून, पण ७५० जागा चालू असताना ६.३ वॉट, आणि जागांचे मूळ काढल्यावर ४.४ वॉट. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यातला चार वॉटांहून अधिकचा फरक निव्वळ उष्णता होऊन जात होता, आणि ती बाहेर काढण्यासाठी पंखा फिरत होता.

मूळ काढणे प्रत्यक्षात सोपे ठरले. पातळी दाखवणारे साधन लॉगिनच्या यादीतून काढले. बफरची किमान मर्यादा १,०२४ सॅम्पलवर आणली, म्हणजे सेकंदाला जेमतेम ४७ जागा. इतक्या संथ लयीचा मूळ सूर हा बोर्ड बाहेर टाकूच शकत नाही, आणि धक्क्यांची संख्या सोळापट घटल्याने वरच्या रेषाही खोलीच्या नैसर्गिक गुणगुणीत बुडून गेल्या. दोन जागांमधले अंतर २१ मिलिसेकंदांवर गेल्यामुळे सी१० ही परवडू लागली.

अडचण उरली ती ज्या कारणासाठी बफर लहान केला होता त्याची. १,०२४ सॅम्पलच्या बफरने हेडफोनमधला उशीर परत येणार होता, आणि वाचकाला आपलाच आवाज मागून ऐकू येत असेल तर त्याला सलग वाचता येत नाही. ही गरज खरी होती आणि तिला बगल देऊन केलेला उपचार टिकला नसता. त्यांच्या साऊंड इंटरफेसवर, समोरच्याच बाजूला, डायरेक्ट मॉनिटरचे बटण होते. ते दाबले की मायक्रोफोनचा आवाज लॅपटॉपमध्ये न जाता इंटरफेसमधूनच थेट हेडफोनला जातो आणि विलंबाचा प्रश्नच मिटतो. ते बटण वर्षभर न दाबलेले होते. इतक्या खोल शोधानंतर असे सोपे उत्तर हाती आले, याचा मला मनापासून आनंद झाला.

पॉवरटॉपमध्ये सगळ्या शिफारशी एकदम लागू करण्याचीही सोय आहे. ती मी वापरली नाही. त्यात यूएसबी उपकरणांना आपोआप निजवणे आणि ध्वनिचिपची वीज तोडणे हेही येते. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रावर पहिल्याने इंटरफेस ऐन वेळी गायब होऊ शकते आणि दुसऱ्याने प्रत्येक वेळी ‘टक्’ असा आवाज येऊ शकतो.

एक उरलेली रेषा

चीं गेल्यावर घेतलेल्या मुद्रणात २०० हर्ट्झ आणि तिच्या पटीत एक अगदी फिकी शिडी राहिली होती. आधी ती मोठ्या आवाजाखाली झाकलेली असावी. प्रोसेसरवर भार दिल्याने किंवा बफर बदलल्याने ती हलत नव्हती. पडद्याची प्रखरता पूर्ण केली की मात्र नाहीशी होई. पुष्कळ पडदे मंद करताना त्यांचा दिवा खरोखर मंद होत नाही. तो वेगाने चालू-बंद केला जातो, आणि त्या सर्किटातले कपॅसिटरही वाजू शकतात. मुद्रणाच्या वेळी प्रखरता पूर्ण ठेवून पडद्यावर काळी पार्श्वभूमी लावायची, एवढ्याने ते भागले.

विंडोजवर हेच प्रकरण असते, तर विंडोजमधल्याच पॉवरसीएफजी या आज्ञेचा एनर्जी अहवाल हे माझे पहिले साधन असते. तो ६० सेकंद निरीक्षण करतो आणि कोणत्या प्रोग्रामने प्रणालीचे घड्याळ अधिक वेगाने चालवायची मागणी केली आहे, ते नावासह सांगतो. एरवी सुमारे १५.६ मिलिसेकंदांनी येणारा ठोका अशा मागणीने १ मिलिसेकंदावर येऊ शकतो. रेषांचे अंतर १,००० निघाले, तर तेथून सुरुवात करावी.

लॅपटॉप परत दिल्यावर बॅटरी वाचनाच्या कामात पुन्हा सहा तासांच्या जवळपास पुरू लागली आणि पंखा मुद्रणभर थांबलेला राहू लागला. साधारण चार महिन्यांनी वाचिकेचा फोन आला. आवाज परत आला होता, पण या वेळी चीं नव्हती, दबकी गुरगुर होती. मी काही विचारण्याआधीच त्यांनी सांगितले, की विरामातल्या रेषा मोजून झाल्या आहेत आणि त्यांच्यातले अंतर ६० आहे. ४८,००० ला ६० ने भागून पाहिले, ८०० येतात, पण पीडब्ल्यू-टॉपमध्ये ८०० कोठेच दिसत नाही, तेथे १,०२४ च आहे. म्हणजे हे ध्वनीचे काम नसावे, असे त्यांचे मत होते. पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने रंगवला जातो, एवढेच मी विचारले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली, मग माऊसची एक क्लिक ऐकू आली. संपादनाच्या प्रोग्राममधला, सतत हलणारा लहरींचा आलेख त्यांनी बंद केला होता, आणि गुरगुर थांबली होती.